अठरा लाख की दहा लाख? सीमेवरची मोजणी आणि आमच्या खाडीकाठची वही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगता येईल. तुम्ही रत्नागिरीत एम.ए. करताय आणि प्रकल्पासाठी युरोपातलं २०१५ सालचं स्थलांतर घेतलंय. फ्रॉन्टेक्स ही युरोपीय संघाची सीमारक्षक यंत्रणा सांगते की त्या वर्षी बेकायदा सीमा ओलांडल्याच्या १८ लाखांहून जास्त नोंदी झाल्या. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठी काम करणारी संस्था सांगते, समुद्रावाटे आलेले १० लाख १५ हजार. सरांनी विचारलं, यातला खरा कुठला? आणि तुम्हाला पुढे 'आले वजा परत गेले बरोबर राहिले' असा तक्ता करायचाय, पण परत गेलेल्यांचा आकडा काही केल्या जुळत नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. घोटाळा तुमच्या त्या 'वजा'च्या चिन्हात आहे. तो कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण अकरा वर्षं मी हेच काम केलं. त्यातली बरीचशी ग्रीसमध्ये, आलेल्यांच्या आणि परत पाठवलेल्यांच्या नोंदी जुळवण्यात गेली. पण ही गोष्ट खऱ्या अर्थाने अंगात भिनली ती २०२० च्या मे महिन्यात, मंडणगड तालुक्यातल्या माझ्या गावात, दोनशे पानी वही हातात घेऊन बसलो तेव्हा. तिथे येतोच.

आधी १८ लाखांचं पाहू. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून रबरी बोटीत बसलेला माणूस लेस्बोस या ग्रीक बेटावर उतरला. ग्रीस युरोपीय संघात, म्हणजे ही झाली संघाची बाह्य सीमा ओलांडल्याची एक नोंद. त्याला जायचं असतं जर्मनीला. तो पिरेयस बंदरात येतो, उत्तरेला सीमेवरच्या इदोमेनी गावापर्यंत जातो, तिथून मॅसिडोनिया, मग सर्बिया. हे दोन्ही देश संघाबाहेरचे. म्हणजे बाबा संघातून बाहेर पडला. सर्बियातून हंगेरीत शिरला की पुन्हा संघाची बाह्य सीमा ओलांडली, पुन्हा नोंद. माणूस एक, प्रवास एक, नोंदी दोन. फ्रॉन्टेक्सच्या तक्त्यात त्या वर्षी पूर्व भूमध्य मार्गावर साधारण ८ लाख ८५ हजार आणि पश्चिम बाल्कन मार्गावर ७ लाख ६४ हजार अशा दोन ओळी आहेत. दुसऱ्या ओळीतली बहुतेक माणसं पहिल्या ओळीत येऊन गेलेली होती. तुमच्या दोन आकड्यांमधला आठ लाखांचा फरक मुख्यतः इथे आहे.

हे काही कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रॉन्टेक्सने पहिल्या नऊ महिन्यांचा आकडा जाहीर केला, त्यावर टीका झाली, आणि मग त्यांनीच खुलासा केला की एकच माणूस दोनदा मोजला गेला असू शकतो. तेव्हापासून आजतागायत त्यांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत ती टीप असते. वर्तमानपत्रात मात्र 'अठरा लाख स्थलांतरित' असंच छापून येतं, कारण 'सीमा ओलांडल्याच्या नोंदी' हे शब्द मथळ्यात बसत नाहीत.

आता माझी वही.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघाले. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण आठवत असेल. कशेडी घाटात तपासणी नाका, ई-पास, ताप मोजायचं यंत्र, हातावर शिक्का. मी ग्रीसहून सुट्टीवर आलेलो आणि इथेच अडकलो होतो. ग्राम कृती दलाने 'तुम्ही आकड्याचं काम करता ना, मग घ्या वही' म्हणून आलेल्यांची नोंद माझ्याकडे दिली. मी मनात म्हटलं, आठशे-हजार वस्तीचं गाव, यात काय अवघड आहे?

पहिल्या दहा दिवसांत माझं ज्ञान जमिनीवर आलं. तालुक्याहून रोज संध्याकाळी फोन यायचा: आज किती आले? माझ्या वहीत ११, नाक्याच्या यादीत आमच्या गावाच्या नावावर १७, आणि आशाताईंच्या घरभेटीत २३. तिन्ही माणसं प्रामाणिक. नाक्यावर गावाचं नाव लिहून घेतलेल्यांतले काही मधेच सासुरवाडीला उतरले. काहींनी पत्ता आमचा दिला, पण वाडी दुसऱ्या ग्रामपंचायतीत. आशाताईंनी घरात जेवढी डोकी दिसली तेवढी लिहिली, त्यात होळीला येऊन राहिलेली म्हातारीही आली. आणि माझ्या वहीत फक्त तेच, जे स्वतःहून शाळेत येऊन नाव सांगून गेले.

शिवाय खाडी होती. आमचं गाव सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीच्या या अंगाला. पलीकडे रायगड जिल्हा. वेसवी ते बागमांडला फेरीबोट बंद, आंबेतच्या पुलावर पोलीस. मग ज्यांच्याकडे पास नव्हता ते पलीकडे कुठेतरी उतरायचे आणि रात्री ओळखीच्या होडीतून खाडी ओलांडायचे. त्यांना कुठल्याही नाक्याने पाहिलं नाही. सकाळी अंगणात कपडे वाळत घातलेले दिसले की शेजारी कळायचं, मुंबईवाले आले. पोलीसपाटील मला म्हणाले होते, "दादा, रस्त्यानं आलेला वहीत येतो, खाडीनं आलेला दोरीवर येतो."

मी हसलो, आणि मग हसू थांबलं. कारण लेस्बोसला इतकी वर्षं मी ज्याला 'नोंद न झालेलं आगमन' म्हणत आलो होतो, ते हेच. फक्त इथे ती माणसं माझ्या आत्याची, मामाची होती, त्यामुळे 'बेकायदा' हा शब्द तोंडातून निघेना.

यातून पहिली गोष्ट पक्की करा: सीमेवरचा आकडा हा आधी मोजणाऱ्याच्या कामाचा आकडा असतो, मग येणाऱ्यांचा. नाका वाढवला, पहारा वाढवला, की नोंदी वाढतात. माणसं तेवढीच असली तरी. पहारा काढला की नोंदी घटतात. म्हणून 'या वर्षी घुसखोरी अमुक टक्क्यांनी घटली' असं वाचलं की मी आधी विचारतो, पहारा तेवढाच होता का, आणि पकडल्यावर काय करायचं याचा नियम बदलला का.

नियम बदलल्याने काय होतं, याचं अमेरिकेचं उदाहरण घ्या. मार्च २०२० पासून ११ मे २०२३ पर्यंत तिथे साथीच्या कायद्यातलं एक कलम वापरून मेक्सिकोच्या सीमेवर सापडलेल्यांना लगेच मागे ढकलत होते. गुन्हा नोंदवायचा नाही, काही तासांत परत. मग तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करणारच. त्यांच्याच सीमा पोलिसांच्या हिशेबात २०१९ च्या आर्थिक वर्षात पुन्हा सापडणाऱ्यांचं प्रमाण ७ टक्के होतं, ते २०२१ मध्ये २७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे 'परत पाठवणी' जितकी झटपट, तितके 'आगमना'चे आकडे फुगले. तुमच्या तक्त्यात हे दोन स्तंभ वेगवेगळे दिसतील, पण एक स्तंभ दुसऱ्याला खाऊ घालतोय.

दुसरं, दुबार नावं. मतदार यादीमुळे हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. जर्मनीने २०१६ च्या जानेवारीत सांगितलं, २०१५ मध्ये आमच्याकडे जवळपास ११ लाख आश्रयार्थी आले. जगभर तोच आकडा फिरला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं, तपासून पाहिलं, ८ लाख ९० हजार. दोन लाख माणसं कागदावरून गेली! झालं असं होतं की आलेल्यांना वेगवेगळ्या राज्यांत वाटण्यासाठीची जी नोंदप्रणाली होती, तिच्यात नाव टाकून लोक पुढे स्वीडनला वगैरे निघून गेले, किंवा दुसऱ्या राज्यात जाऊन पुन्हा नोंदवले गेले. प्रणाली खाटांची सोय करायला बनवलेली, माणसं मोजायला नव्हे. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात हे झालं, तर माझ्या वहीत २३ चे ११ झाले यात काय नवल.

दुबार नावं पकडायचा खात्रीचा मार्ग बोटांचे ठसे. युरोपात त्यासाठी युरोडॅक ही प्रणाली २००३ पासून आहे. ठसा जुळला की कळतं, हा आधी ग्रीसमध्ये नोंदला गेलाय. पण तिचाही हेतू वेगळा होता: कुठल्या देशाने आश्रयाचा अर्ज ऐकायचा ते ठरवणं. त्यामुळे ज्यांना ग्रीसमध्ये किंवा इटलीत अडकायचं नव्हतं, ते ठसे द्यायला नकार द्यायचे, आणि ज्या देशाला जबाबदारी नको होती तो देशही ठसे घ्यायला फार उत्साही नसायचा. दोघांचाही फायदा नोंद न होण्यात असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, नोंद होत नाही.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि ही विद्यार्थी हमखास विसरतात. २०१५ च्या उन्हाळ्यात बोटी लेस्बोसच्या उत्तर किनाऱ्यावर लागायच्या आणि नोंदणी व्हायची दक्षिणेला, मितिलिनी शहराजवळ. मधलं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. बसगाड्या सुरू होईपर्यंत लोक लहान मुलांना घेऊन चालत यायचे, एक-दोन दिवस लागायचे, त्यानंतर रांग. म्हणजे उतरायची तारीख वेगळी, नोंदीची वेगळी. कधी रांगच इतकी वाढायची की आज नोंदलेला माणूस आठवड्यापूर्वी आलेला असायचा. आमचा दैनिक तक्ता वाचून कुणी म्हणालं, 'मंगळवारी अचानक दुप्पट आले', तर मला माहीत असायचं की मंगळवारी दोन जादा कर्मचारी आले होते.

आणि शून्याचंही तसंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्याकडे कौलं उडाली, माडाची, सुपारीची झाडं आडवी झाली, वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. फोन बंद. माझी वही तशी कपाटात कोरडी राहिली, पण वर कळवायचं कसं? नंतर तालुक्याच्या तक्त्यात पाहिलं तर आमच्या गावापुढे त्या दिवसांसाठी सरळ '०' लिहिलेलं. वास्तविक त्याच दिवसांत मुंबईहून पोरं घरं शाकारायला धावत आली होती. वर्षातली सगळ्यात मोठी आवक, आणि कागदावर शून्य. तेव्हापासून मी कुठल्याही तक्त्यात '०' दिसला की थांबतो. 'कुणी आलं नाही' आणि 'कुणी कळवलं नाही' यांना वेगळी खूण हवी. तुम्ही तुमच्या तक्त्यात रिकामा रकाना रिकामाच ठेवा.

आता परतीकडे येऊ, जिथे तुमचं खरं अडलंय.

'परत' या एका शब्दाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी येतात. एक, देश सोडून जायचा आदेश मिळाला. दोन, पोलिसांनी विमानात बसवून पाठवलं. तीन, सरकारी मदत घेऊन स्वतःहून गेला. चार, कुणालाही न सांगता निघून गेला. पाच, सीमेवरूनच मागे ढकलला, कागदच झाला नाही. युरोस्टॅटचे, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे, तक्ते पाहिलेत ना? अलीकडच्या वर्षांत युरोपीय संघात वर्षाला चार लाखांहून जास्त लोकांना देश सोडायचे आदेश निघतात, आणि त्यानुसार संघाबाहेर परत गेलेले साधारण एक लाखाच्या आसपास नोंदले जातात. पुढारी यावरून छाती ठोकून सांगतात की 'पाचातला एकच परत जातो'. पण या वर्षी गेलेल्याचा आदेश गेल्या वर्षीचा किंवा त्याआधीचा असू शकतो. एकाच माणसाला फ्रान्सने आणि मग बेल्जियमने असे दोन आदेश दिलेले असू शकतात. चौथ्या प्रकारातला, गुपचूप गेलेला, कुठेच नाही. कुणाचं अपील चालू आहे, कुणाला नंतर राहायचा परवाना मिळाला. वरचा आकडा आदेशांचा, खालचा माणसांचा, वर्षं वेगळी. भागाकार करता येतो, अर्थ लावता येत नाही.

जवळचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या २०२३ च्या आर्थिक वर्षात कागदपत्रांशिवाय शिरताना अडवलेल्या भारतीयांच्या ९६,९१७ नोंदी झाल्या. २०२३ सालात अमेरिकेने परत पाठवलेले भारतीय ६१७, हा आकडा परराष्ट्रमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितला, त्याच दिवसांत १०४ जणांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरलं होतं तेव्हा. आता ९६,९१७ मधून ६१७ वजा करून '९६ हजार ३०० भारतीय तिथे राहिले' असं कुणी लिहिलं तर? तुम्हीच चूक शोधा. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, दुसरा आकडा जानेवारी ते डिसेंबर. पहिला नोंदींचा, दुसरा माणसांचा. पहिल्यात रानावनातून शिरलेले आहेत तसेच रीतसर नाक्यावर जाऊन आश्रय मागणारेही आहेत. दुसऱ्यात २०२३ ला शिरलेले असतीलच असं नाही; परत पाठवणीला खटला चालून कधी कधी वर्षं लागतात, शिवाय व्हिसाची मुदत संपूनही राहिलेले त्यात येतात. २०१९ ला परत पाठवलेले २,०४२ होते. मग २०२३ ला 'परिस्थिती सुधारली' म्हणायचं का? नुसत्या या दोन आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही.

परतीचे करार आणि परतीच्या नोंदी यांतही असंच अंतर असतं. १८ मार्च २०१६ ला युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांचं ठरलं की ग्रीक बेटांवर नव्याने येणाऱ्यांना तुर्कस्तानात परत पाठवायचं. चार वर्षांत या व्यवस्थेखाली प्रत्यक्षात परत गेले दोन हजारांहून थोडे जास्त. बेटांवर येणारे मात्र झपाट्याने घटले. म्हणजे परतीच्या स्तंभाने करार फसला असं दिसतं, आगमनाच्या स्तंभाने यशस्वी झाला असं दिसतं. मी तेव्हा तिथेच होतो आणि सांगतो, दोन्ही अर्धवट. त्याच महिन्यात बाल्कनचा मार्ग बंद झाला होता. पुढे जाता येणार नाही हे कळल्यावर बरेच जण निघालेच नाहीत. कारण कुठलं किती, हे नुसत्या आकड्यांतून सुटं करता येत नाही.

आणि पाचवा प्रकार. लिबियाहून निघालेली बोट लिबियाच्याच तटरक्षकांनी अडवून परत नेली, तर युरोपच्या खात्यात ना आगमन ना परती. बोट बुडाली तर तेही नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेहून जास्त माणसं बुडाली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने बेपत्ता स्थलांतरितांची वेगळी मोजदाद सुरू केली. तुमच्या 'आले वजा गेले' या हिशेबात ही माणसं बसतच नाहीत, कारण ती निघाली होती पण आली नाहीत. तक्त्याला एक ओळ त्यांच्यासाठी ठेवा, एवढं सांगेन.

इथे एक आडवळण घेतो, कारण तुमच्या प्रश्नात 'बेकायदा आलेले' असं तुम्ही सहज लिहून गेलात. कोकणात बसून हा शब्द नीट वापरायला शिकता येतो, कुठे लांब जायला नको. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जा. ट्रॉलरवर नेपाळी खलाशी दिसतील. आंब्याच्या बागांत दिवाळीनंतर राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं मे अखेरपर्यंत असतात. ही माणसं परदेशी नागरिक आहेत, सीमेवर त्यांचा व्हिसा तपासला जात नाही, आणि तरीही ती बेकायदा नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला, राहायला, काम करायला मुभा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा खलाशी घरी जातात, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला परत येतात. सीमेवर त्यांची मोजणी करायला गेलात तर एकाच माणसाची दरवर्षी एक 'आवक' आणि एक 'जावक'. दहा वर्षांत दहा माणसं झाली का? त्यांच्याबद्दल मला जर आकडा हवा असेल तर मी सोनौली किंवा बनबसाच्या नेपाळ सीमेवर जाणार नाही. बोटीच्या तांडेलाला आणि बागायतदाराला विचारीन.

उलट बाजूही आपल्याच घरातली आहे. मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, राजापूर, इथल्या किती घरांतलं कोण ना कोण आखातात आहे. पोरगा रीतसर व्हिसावर, विमानाने, शिक्का मारून जातो. तिथे 'आझाद व्हिसा' म्हणून जो प्रकार असतो, त्यात कागदावरचा मालक एक आणि काम दुसरीकडे. मालकाने 'पळून गेला' अशी तक्रार टाकली, तिकडे त्याला 'हुरूब' म्हणतात, की हा एका दिवसात बेकायदा. त्याने कुठलीच सीमा ओलांडली नाही. खोलीत झोपलेला होता. म्हणजे अनियमित होणं सीमेवरच घडतं असं नाही. उलटही होतं: २०१३ मध्ये सौदीने माफीची मुदत दिली तेव्हा एक लाखाहून जास्त भारतीय मायदेशी परतले, पण त्याच्या कितीतरी पट लोकांनी तिथल्या तिथे कागद दुरुस्त करून घेतले. बेकायदांची संख्या लाखांनी घटली, आणि त्यातले बहुतेक एक पाऊलही हलले नव्हते. 'आले वजा गेले' या सूत्रात हे कुठे बसवणार?

त्या परतणाऱ्यांतला एक आमच्या वाडीतला. पासपोर्ट मालकाकडे अडकलेला, वकिलातीने दिलेल्या एकतर्फी प्रमाणपत्रावर, म्हणजे लोक ज्याला आउटपास म्हणतात त्यावर, आला. सौदीच्या हिशेबात तो माफी घेऊन गेलेला. मुंबईच्या विमानतळावर मात्र घरी परतणारा एक भारतीय नागरिक. जातानाही त्याची वेगळी नोंद नव्हती: दहावी पास असल्याने त्याचा पासपोर्ट परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागत नाही त्या प्रकारातला, त्यामुळे त्या मंजुरीच्या आकडेवारीतही तो नाही. गेला तेव्हा दिसला नाही, आला तेव्हाही नाही. आई मात्र अकरा वर्षं दिवस मोजत होती, पण तिची वही कोण मागतो!

मग तक्ता करायचा कसा? हे तुमच्या प्रकल्पाला नेमकं काय विचारायचंय त्यावर आहे. बेटावर किती खाटा, किती जेवण लागलं हे हवं असेल तर नोंदींचा आकडा पुरतो, दुबार असला तरी. माणूस दोन ठिकाणी गेला तर जेवण दोन ठिकाणी लागतं. किती वेगवेगळी माणसं युरोपात आली हे हवं असेल तर २०१५ पुरता समुद्रमार्गाचा १० लाखांचा आकडा जास्त जवळचा, कारण तो एकाच टप्प्यावरचा आहे. आणि किती जण राहिले हे हवं असेल तर सीमेवरचे आकडे सोडा. पहिल्यांदाच आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज, मिळालेले आणि नाकारलेले परवाने, शाळेतली पटसंख्या असल्या आतल्या नोंदींकडे जा. २०१५ मध्ये संघात असे पहिले अर्ज साडेबारा लाखांच्या घरात होते. त्यात बाल्कनमधल्या देशांतून आलेले, विमानाने आलेले असेही आहेत, म्हणजे तोही तिसराच आकडा.

मी प्रत्येक आकड्याशेजारी पाच रकाने ठेवतो: कुणी मोजलं, कुठे उभं राहून मोजलं, माणूस मोजला की घटना, तारीख कशाची, आणि आकडा मी कधी उतरवून घेतला. शेवटचा रकाना फालतू वाटेल, पण जर्मनीचे ११ लाख आठवा. जानेवारी २०१६ मध्ये उतरवलेला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये उतरवलेला आकडा वेगळा, आणि दोन्ही त्याच खात्याचे. हे पाच रकाने सारखे असतील तेवढ्याच दोन आकड्यांमध्ये बेरीज-वजाबाकी करायची. दोन मार्गांची बेरीज तर करूच नका. सरांना 'खरा कुठला' याचं उत्तर म्हणून हे पाच रकाने भरून दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि तोंडी परीक्षेला याच्यावरच प्रश्न येतील.

नव्या यंत्रांमुळे हे सगळं सुटेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गम प्रणाली सुरू झाली. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे. मुदत संपून राहिलेले त्यातून बऱ्यापैकी कळतील, कारण आत आल्याची आणि बाहेर गेल्याची नोंद एकाच माणसाच्या नावावर जुळेल. पण ती जुळणार रस्त्याने आलेल्यांची. खाडीने आलेला अजून दोरीवरच.

एक शेवटचं, थोडं अडचणीचं. जून २०२० मध्ये माझ्या वहीतल्या एका पानाचा फोटो कुणीतरी काढला आणि तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. त्यावर एका कुटुंबाचं नाव, मुंबईतली चाळ, सगळं होतं. त्यांना पंधरा दिवस विहिरीवर कुणी येऊ दिलं नाही. वही मी टेबलावर उघडी ठेवली होती, चूक माझी. ग्रीसमध्ये आम्ही नावं आणि आकडे दोन वेगळ्या फाइलींत ठेवायचो, कुलूप घालून. गावात आल्यावर मला वाटलं, इथे कशाला, सगळे आपलेच आहेत.

म्हणून तुम्ही नमुन्यासाठी वहीची छायाचित्रं मागितलीत, ती देता येणार नाहीत. वहीच्या रकान्यांचा कोरा तक्ता आणि तिन्ही याद्यांच्या रोजच्या बेरजा, गावाचं नाव काढून, दोन दिवसांत टाकतो. ३ ते २१ जूनचे रकाने त्यात मोकळे असतील.